गंगाबाईला पाठवायचं राहिलेलं पत्र

मार्ग. शु. ४, सोमवार

आज सुईणींच्या वर्गात तोच धडा पुन्हा आला. डॉक्टरसाहेब उर्दूत सांगून राहिले होते आणि मी नेहमीसारखी शेजारी उभी राहून सहाजणींना मराठीत. पोटुशी बाई, शेवटचे दोन महिने. तोंडावर आणि हातांवर सूज चढली, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढं काजवे दिसू लागले, तर एक दिवसही न थांबता दवाखान्यात आणायची. नाहीतर झटके येतात. बाई हातची जाते.

सांगता सांगता माझीच जीभ अडकली. चंपा म्हणाली, "बाई, पुढं?" पुढं काय, कप्पाळ माझं!

गेल्या साली आम्ही तिघी शिकत होतो, मी, येसाबाई आणि गंगाबाई. त्या दोघींना उर्दू येत नाही, म्हणून रोजचा धडा मी मराठीत वहीत उतरवायची आणि त्यांच्या वह्याही मीच माझ्या हातानं उतरवून द्यायची. वर्ग संपल्यावर वही काढून बघितली. पान एकतीस. माझंच वळणदार अक्षर. "शेवटच्या महिन्यांत अंग जड होते, सूज येते. घाबरू नये. पाय उशीवर ठेवून विश्रांती द्यावी."

हे डॉक्टरसाहेबांनी कधीच सांगितलं नव्हतं. हे माझ्या मनचं.

तो दिवस चांगला आठवतो. साहेब एका दमात चार मोठाले शब्द बोलून गेले. तहब्बुज, तशन्नुज, आणि काय काय. मला एकही कळला नाही. अप्पांनी मला उर्दू शिकवलं ते कचेरीचं. लातूरला अडत्यांचे अर्ज लिहून देतात ते. त्यात बायकांच्या दुखण्यातलं काय असणार? साहेबांनी विचारलं, "समझ में आया, बेटी?" मी म्हटलं, "जी." दोघी माझ्या तोंडाकडं बघून राहिल्या होत्या. मग घरात म्हाताऱ्या जे म्हणतात तेच लिहून मोकळी झाले. वर्षभर दवाखान्यात ऐकून ऐकून आता कुठं ते शब्द उमगले.

येसाबाई इथंच नांदेडला साहेबांच्या नजरेखाली आहे, तिची काळजी नाही. पण गंगाबाई भोकरला एकटी. तिला उद्या पत्र टाकायचं. नक्की.

मार्ग. शु. ६, बुधवार

नाही टाकलं. काल औरंगाबादचे मोठे साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला आले, सगळा दिवस चादरी बदलण्यात गेला. आज टाकलं असतं, पण आज निराळंच घडलं.

मोठ्या साहेबांना डॉक्टरसाहेबांनी माझी वही दाखवली. माझ्यासमोर! "ये लडकी ना होती तो ये क्लास ना होती." मोठ्या साहेबांना मराठी येत नाही, पण पानं उलटून मान डोलावली. हिची एक नक्कल लातूरच्या दवाखान्याला पाठवा म्हणाले, तिथंही वर्ग सुरू करायचा आहे.

ते एकतीस नंबरचं पान उलटत होते तेव्हा वही ओढून घ्यावीशी वाटली. आणि खरं लिहायचं तर त्याच वेळी लई बरंही वाटलं. दोन्ही एकदम. लाज वाटते लिहायला.

चंपानं नवीन खूळ काढलंय. उकळत्या पाण्यातून कात्र्या-चिमटे काढताना ओवीच्या चालीवर उर्दू शब्द म्हणते. नब्ज म्हंजे नाडी गं बाई, वरम म्हंजे सूज. बाकीच्या पाच मागनं म्हणतात. हसू आलं. पण पाठ झालं म्हणजे कळलं असं त्यांना वाटतं, आणि त्याचं मला हसू येत नाही. मी तरी काय वेगळं केलं?

मार्ग. शु. ११, सोमवार

लिंगपूजा आटोपून पत्र लिहायला बसले. "गंगाबाईंस सुभद्राचा नमस्कार. वि. वि. वहीतील पान ३१ वर माझ्याकडून…" इथं थांबले. माझ्याकडून काय? मला कळलं नव्हतं आणि मी कळल्याचं सोंग केलं, असं लिहायचं? गंगाबाईला मराठी वाचता येतं, पण अडखळत. ती पत्र पोस्टमास्तराकडून वाचून घेणार. भोकरचा पोस्टमास्तर म्हणजे गावचा नगारा. चार दिवसांत नांदेडला बोभाटा. सुभद्रेला उर्दू येत नाही, नुसती ऐट होती.

फाडलं.

दुसरं लिहिलं. "पान ३१ साहेबांना विचारून पुन्हा लिहायचे आहे, तोवर ते वाचू नये." हेही धड नाही. का वाचू नये? सूज आलेली बाई दारात आली तर तिनं काय करावं? घडी करून ट्रंकेत ठेवलं.

अप्पांचं पत्र आलंय. नकलेची बातमी लातूरला पोचलीसुद्धा. "चि. सुभद्रेस आशीर्वाद. आपल्या लेकीची वही सरकारी दवाखान्यात शिकवणार हे ऐकून बाजारपेठेत चार जण उठून मला राम राम घालतात. उदगीरचे तुझे दीर परवा दुकानावर आले होते. तोंड एवढेसे झाले होते."

दीर! त्यांचं म्हणणं होतं, पांढऱ्या कपाळाची बाई नांदेडला जाऊन परक्या बायकांची बाळंतपणं उपसणार, आमच्या घराला काळोखी. ही नोकरी गेली तर त्यांच्याच चुलीपुढं जाऊन बसायचं आहे. अप्पा तरी किती दिवस पुरणार?

मार्ग. व. ३, सोमवार

लातूरच्या नकलेतलं पान मी दुरुस्त केलं. माझ्याकडंच नक्कल करायला आलीये ना, कोण विचारतंय! सूज, डोकेदुखी, काजवे, ताबडतोब दवाखाना. सगळं नीट लिहिलं. माझ्या मूळ वहीतलंही खोडलं. येसाबाईला जाता जाता म्हटलं, अगं ते एकतीस पान पुन्हा बघून घे. ती म्हणाली, "माझी वही चुलीत गेली कवाच."

म्हणजे आता एकच वही राहिली. हे पक्कं माहीत असून आज पंधरा दिवस झाले.

पौष शु. ६, शुक्रवार

जुम्म्याची सुट्टी, वर्ग नव्हता. आणि दारात कोण? गंगाबाई! भोकरहून कापूस आणि कारबोलिक न्यायला गाडीनं आली होती. पदरात हुरडा बांधून. "खा वो सुभद्राबाई, लई वाळल्या तुमी."

व्हरांड्यात बसलो. किती बोलली! भोकरला आधी कुणी विचारत नव्हतं, आता बैलगाडी पाठवून बोलावतात. पंचवीस वर्षं सुईणपण केलं, पण हात धुवायचं कुणी सांगितलं नव्हतं. या साली तिच्या हातची एकही बाळंतीण तापानं गेली नाही. हे सांगताना डोळे भरले तिचे.

मग पिशवीतून वही काढली. लाल फडक्यात बांधलेली. "रोज सांच्याला दोन पानं वाचते. आदी वाटायचं, आपल्या हाताला कळतंय त्ये खरं. आता वहीत बगितल्याबिगर म्या कायबी करत न्हाई."

त्याच वेळी बोलायला हवं होतं. सुट्टीचा दिवस, व्हरांड्यात दोघीच, वही तिच्या मांडीवर उघडी. पेन घेऊन दोन ओळी खोडायच्या, एवढंच काम. मी म्हटलं, "गंगाबाई, त्या वहीत एके ठिकाणी…" तिनं इतक्या विश्वासानं मान वर केली की मी म्हणाले, "… अक्षर लागतं ना नीट?"

"मोत्यावानी हाय," म्हणाली.

चारच्या गाडीनं गेली. हुरडा तसाच पडलाय. 

आता हे शेवटचं. उद्या पत्र.

पौष शु. १३, शुक्रवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

दुपारी टांग्यातून एक पोरगी आणली. सतरा-अठराची, पहिलटकरीण. भोकरजवळच्या खेड्यातली. आठवा सरलेला. तोंड सुजून डोळे मिटलेले, दातांत जीभ सापडून रक्त. झटका थांबला की घोरायची, मग पुन्हा झटका. गाडीत तीन आले म्हणे. सोबत तिची आई आणि गंगाबाई.

सुट्टी असून साहेब घरून धावत आले. जे करता येत होतं ते सगळं केलं. मूल जिवंत निघालं. मुलगी. आई दिवे लागायच्या आत गेली.

गेली तिचं नाव केवळा.

गंगाबाई साहेबांना सांगून राहिली होती आणि मी मधे उभी राहून उर्दूत. पाच दिवसांपूर्वी तोंड सुजलं, डोकं दुखतंय म्हणून पोरीच्या आईनं दाखवायला आणली. गंगाबाईनं पाय उशीवर ठेवून झोपवून ठेवायला सांगितलं. साहेबांनी विचारलं, का? तिनं माझ्याकडं बघितलं नाही, खाली बघितलं. म्हणाली, "चुकलं माजं."

तेही मी भाषांतर करून सांगितलं. "कहती है, उस की गलती है." माझ्या या तोंडानं!

पौष शु. १४, शनिवार

साहेब कधी ओरडत नाहीत. आज ओरडले. सगळ्या वर्गासमोर. वर्षभर शिकवलं आणि ही बाई पुन्हा आपल्या अडाणीपणावर गेली. रिपोर्ट करतो, सनद काढून घेतो. सहाजणी माना घालून उभ्या. गंगाबाई दाराशी, पदर दोन्ही हातांत धरून. मी एकेक वाक्य तिला मराठीत सांगितलं. मऊ करून सांगितलं. जणू तेवढ्यानं काही भागणार होतं.

नंतर ती माझ्या खोलीवर आली. बसली नाही. लाल फडकं सोडलं. "सुभद्राबाई, जरा बगा. म्या वाचताना चुकले का? माज्या हाताला कळत व्हतं. असं तोंड म्या दोनदा बगितलंय, दोनी येळा बाई गेली. मनात आलं, हिला नांदेडला न्यावं. पर वहीत लिवलंय घाबरू नये. म्हणलं, ह्ये शिकल्याल्या लोकांचं हाय, आपण येडं. माजंच कायतरी वाचायचं चुकलं आसंल, न्हाई का?"

अरे देवा. पंचवीस वर्षांचे हात, आणि माझ्या दोन शब्दांवर विसंबून गप्प बसले.

मी म्हणाले, "वही ठेवून जा. बघते मी."

ठेवून गेली. रिकामं फडकं घडी करून परत नेलं.

पौष पौर्णिमा, रविवार

वही ट्रंकेत आहे, त्या न पाठवलेल्या पत्राच्या खाली. आता पुरावाच नाही. हे माझ्या मनात काल आलं नव्हतं असं मी कुणाला सांगेन, स्वतःला नाही सांगू शकत. वही ठेवून जा म्हणाले तेव्हाच आलं होतं.

सुभद्रे, पहिली चूक न कळण्याची होती. ती कुणाचीही होते. दुसरी ऐटीची. तिसरी पोस्टमास्तराच्या भीतीची. पण ही चोरी आहे.

जेवले नाही. येसाबाई म्हणाली, "काय वो, उपास का?" हो म्हटलं.

पौष व. ४, गुरुवार

केवळाची पोर अजून दवाखान्यात आहे. तिची आजी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजते. आज मला म्हणाली, "बाई, ती भोकरची बाई लई गुणाची व्हती वो. आमचंच नशीब फुटकं." कुणाला शिव्या द्यायच्या हेसुद्धा त्या म्हातारीला ठाऊक नाही, आणि मी तिला दूध कोमट करून देते.

वर्गात चंपानं विचारलं, "बाई, एखादा शबुद न्हाई कळला तर काय करायचं?" मी म्हटलं, हात वर करून विचारायचं. ती म्हणाली, "सायब रागावले तर?" मी म्हटलं, रागावू देत. असं म्हणाले खरं, आणि वर्गातून उठून मोरीत जाऊन रडले.

रिपोर्ट सोमवारी जाणार असं कळलं.

पौष व. ६, शनिवार

सांगितलं.

गंगाबाईची वही घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. एकतीस नंबरचं पान वाचून, उर्दूत सांगून दाखवलं. त्या दिवशी मला कळलं नव्हतं आणि मी जी म्हटलं, हे सांगितलं. दीड महिन्यापूर्वी चूक कळली, हे सांगितलं. गंगाबाई समोर बसली होती तेव्हाही बोलले नाही, हेही. एकही गोष्ट ठेवली नाही.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मैंने पूछा था ना तुम से." मी म्हटलं, जी. "पूछा था," पुन्हा म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, हे शब्द मला तरी कोणी सोपे करून सांगितले होते? मीही हैदराबादला पाठच केले.

मला वाटलं आता घालवतील. घालवलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणाले, दुरुस्त केलंस ना? लातूरची नक्कल ठीक आहे ना? मग झालं. हे बाहेर गेलं तर औरंगाबादवाले म्हणतील, मराठी बायकांना शिकवणंच चूक, आणि वर्ग बंद. या सहाजणी घरी. लातूरच्याही घरी. पुढं किती केवळा मरतील, त्याचा हिशेब तू देणार? गंगाबाईचं वय झालंय, आज ना उद्या काम सोडणारच होती. सनद नाही काढत, समज देऊन घरी पाठवतो.

मी म्हटलं, पण ती समजते की तिनं मारलं.

साहेब म्हणाले, "वो हम डाक्टर सब समझते हैं, बेटी. सब के सर पे एक-दो होते हैं." आणि वही ड्रॉवरमध्ये ठेवून घेतली.

त्यांचं बोलणं खोटं नाही. त्याचंच तर दुःख आहे. बाहेर आले तेव्हा जीव हलका झाला होता थोडा, आणि त्या हलकेपणाची इतकी किळस आली की काय सांगू.

पौष व. ८, सोमवार

गंगाबाईचं नाव हजेरीतून कमी झालं. ती मुदखेडला भावाकडं राहायला गेली म्हणे. भोकरहून परवा कुणी गाडी घेऊन बोलवायला आलं तर गेली नाही. "माजे हात इसरले," म्हणाली. बाळंतपण कुणा अडाणी बाईनं केलं, न धुतलेल्या हातांनी.

वर्ग चालू आहे. साहेब माझ्याशी पहिल्यासारखंच बोलतात, किंबहुना जास्त जपून. फक्त आता प्रत्येक धड्यानंतर म्हणतात, "अब तुम मुझे बताओ, क्या समझीं." मी सांगते. आज दोन ठिकाणी म्हटलं, नाही कळलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. इतकं सोपं होतं हे.

उद्याची रजा मागितली. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही.

पौष व. ९, मंगळवार

सकाळच्या गाडीनं मुदखेड. स्टेशनपासून घर जवळच. गंगाबाई अंगणात तुरी पाखडत बसली होती. मला बघून उठली, धावत घोंगडं आणलं, भावजयीला चहा टाक म्हणाली. मी म्हटलं, आधी बसा. चहा नको.

सगळं सांगितलं. उभ्यानंच. वही तुमची बरोबर वाचली होती तुम्ही. लिहिलं मी खोटं होतं. मला कळलं नव्हतं. तुमच्या हातांना कळलं होतं ते खरं होतं.

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघून राहिली. मला वाटलं, आता मारेल. मारावं असं वाटत होतं.

म्हणाली, "हुरडा आणला व्हता तवा ठावं व्हतं का तुमाला?"

मी म्हटलं, हो.

मग ती आपल्याच हातांकडं बघत बसली. उलटे केले, सुलटे केले. आत भावजयीचं पोर रडून राहिलं होतं, कुणी उचलत नव्हतं.  मी पाया पडायला वाकले तर पाय मागं घेतले तिनं. "न्हाई. ह्ये नगं."

मग उठली, दांडीवरचं लुगडं काढून झटकलं, आत जाऊन नेसून आली.

"केवळाची माय काल पोरीला घिऊन गावाकडं गेली," म्हणाली. "दुपारची गाडी भोकरला जाती. तिला कोण सांगनार, तुमी का मी?"

मी म्हटलं, मी. तोंडातून शब्द फुटला की नाही मलाच माहीत नाही.

"मोठ्यानं म्हणा," ती म्हणाली.

मुदखेड स्टेशनावर बाकावर बसून हे लिहिते आहे. ती दुसऱ्या बाकावर बसली आहे, माझ्याकडं पाठ करून. गाडीला अजून अर्धा तास आहे.